मगरीच्या नातलगाला हिंगोलीचा बारदाना

संक्रांत झाली आणि शेजाऱ्याच्या मोबाइलवर कविताचा फोन आला. कविता माझी थोरली मुलगी. दगड झालेल्या जुन्या हाडांवर ती पीएचडी करते. थंडीचे दोन-तीन महिने तेलंगणातल्या आदिलाबादकडच्या रानात तिचा मुक्काम असतो. फोनवर आवाज तुटत होता, पण मागणी कळली.

"बा, बारदाना पाहिजे. जुना, वापरून मऊ झालेला. इथं सगळी प्लास्टिकचीच पोती मिळतात. पन्नासेक लागतील. कुणासंगं पाठवता का?"

"कुणासंगं कशाला? मीच येतो," मी म्हणालो आणि फोन ठेवल्याबरोबर मला घाम फुटला. मी सातवी शिकलेला माणूस. हिंगोलीपलीकडे एकट्यानं गेलो तो फक्त नांदेडला, दवाखान्यात. तेलुगूचा एक शब्द येत नाही. बायको म्हणाली, "काहून जाता? बीपीच्या गोळ्या इसरसाल, गाडी चुकसाल." तिचं म्हणणं खोटं नव्हतं, पण आता शब्द देऊन झाला होता.

पोती कशाला हवीत ते आधी सांगतो. दगड झालेलं हाड मातीत असतं तोवर ठीक असतं. उघडं पडलं की बिस्किटासारखं तुटतं. म्हणून मोडक्या पायाला डॉक्टर प्लास्टर घालतो तसं ही माणसं हाडाला मातीसकट प्लास्टर घालतात. आत ओला कागद, वरून प्लास्टरमध्ये बुडवलेल्या तागाच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांसाठी बारदाना. कविताला या वेळी एक पुरी कवटी सापडली होती. तीन हिवाळे ती हेच शोधत होती. याआधी नुसते जबड्याचे तुकडे मिळाले होते, आणि डोक्याची मागची बाजू मिळाल्याशिवाय तिचा अभ्यास पुढं सरकत नव्हता. ज्या उंचवट्यात कवटी होती तो मालकाला सपाट करून कापूस लावायचा होता. ट्रॅक्टर ठरला होता.

आमच्या तांड्यावरून गोरेगाव, गोरेगावहून जीपनं सेनगाव, तिथून हिंगोली. ज्यांना या वाटेनं जायचं आहे त्यांनी सकाळची पहिली जीप धरावी, नंतरच्या जीपमध्ये मांडीवर माणूस बसतो. हिंगोलीच्या मोंढ्यात ओळखीच्या अडत्याकडं गेलो. तो म्हणाला, "काका, नवा घ्या की, भारीतला हाय." मी म्हटलं जुनाच पाहिजे, मऊ. तेव्हा त्यानं हळदीची रिकामी पोती दाखवली. हाताला अगदी लुगड्यासारखी. मनात आलं, हळद तर चांगलीच, तिला कीडसुद्धा लागत नाही. स्टँडच्या मागं जाऊन एकेक पोतं झटकलं. रिक्षावाले शिंकायला लागले.

"ओ बाबा, लगीन हाय का कुनाचं?" एकानं विचारलं.

"कामाला न्यायलोय," म्हणालो आणि तोंड पुसलं. रुमाल पिवळा झाला. तेव्हाच समजायला हवं होतं.

हिंगोलीच्या रुळांचं काम चालू होतं म्हणून एसटीनं नांदेड गाठलं. कळमनुरी, बाळापूर, वारंगा फाटा. वारंग्याला बस थांबते, तिथं चहा घ्यावा, भजी घेऊ नयेत. कंडक्टरनं गठ्ठ्याचं लगेज लावलं, ते बराबरच होतं. नांदेडहून आदिलाबादची गाडी मुदखेड, भोकर, किनवट करत जाते. तिकीट स्वस्त, गाडी हळू. किनवटच्या पुढं जंगल लागतं, सागाची वाळलेली पानं डब्यात येतात. मी तिकीट वरच्या खिशात ठेवलं, मग आतल्या खिशात, मग पुन्हा वरच्या. समोर किनवटच्या एक बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, तिकीट घामानं फाटल. गप ठेवा की एका जागी."

आदिलाबादला रात्री लॉज घेतलं. थंडी आमच्यापेक्षा जास्त, कांबळं न्यावंच. सकाळी आसिफाबादची बस. वाट घाटाची, सगळं जंगल, मधे मधे गोंडांची गावं. बसवरच्या पाट्या तेलुगूत होत्या म्हणून मी तीन माणसांना विचारून बसलो आणि बसल्यावर चौथ्याला विचारलं. जेवण म्हणाल तर भात, पातळ वरण आणि गोंगुरा म्हणून अंबाडीचं झणझणीत लोणचं. पोट भरेल एवढा भात पुन्हा पुन्हा वाढतात, भाकरी मात्र मागू नये.

आसिफाबादच्या स्टँडवर कविता उभी होती. पायात बूट, डोक्यावर टोपी, तोंड उन्हानं काळवंडलेलं. वाकून पाया पडली आणि लगेच गठ्ठ्याला हात घातला. "बा, एवढा बोजा एकट्यानं आणला?" पोरीनं तो उचलून जीपमध्ये टाकलासुद्धा.

पुढच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. कवितानं बजावलंय. लोक हाडं उकरून विकतात.

ते रान आमच्या काळ्या रानासारखं नाही. माती लाल, कुंकवाच्या करंड्यासारखी. मध्ये छोटे छोटे उंचवटे. अशाच एका उंचवट्याला चारी बाजूंनी खणून मध्ये ओटा ठेवला होता आणि ओट्यावर ती कवटी. मला वाटलं होतं काही भयंकर दिसेल. दिसलं ते एक लांबच लांब तोंड, नांगराच्या हळसासारखं निमुळतं, दातांचे खाचखळगे असलेलं, रंगानं जांभळट.

"सुसरच हाय की ही," मी म्हणालो. गोदावरीत पूर्वी सुसरी असत, माझ्या आज्यानं पाहिल्या होत्या.

कविता हसली. "सगळे हेच म्हणतात. सांगा बरं, सुसरीचं नाक कुठं असतं?"

"तोंडाच्या शेंड्याला."

"मग इथं शेंड्याला बघा."

शेंड्याला काही नव्हतं. तिनं माझं बोट धरून मागं मागं नेलं, पार डोळ्यांच्या खोबणीपर्यंत. तिथं एक उंचवटा आणि त्यात दोन भोकं. नाकपुड्या तिथं! पाण्यात सगळं अंग बुडवून नुसते डोळे आणि नाक वर ठेवून हे जनावर माशांची वाट बघत पडून राहायचं. वीस कोटी वर्षांहून जास्त झाली त्याला. मी वीस कोटी मनात मोजायला गेलो आणि सोडून दिलं.

"म्हंजे हा सुसरीचा खापरपणजा?"

"न्हाई, बा. हीच तर गंमत हाय. हा तिचा पूर्वज न्हाई. दूरच्या भाऊबंदकीतला हाय. दोघांनी मासे खायचं ठरवलं म्हणून दोघांचं तोंड लांब झालं. तोंड एकासारखं एक, पण घराणं येगळं."

मग तिनं जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. आज सुसर-मगर म्हटलं की आपल्याला चिखलात पडलेलं आळशी जनावर दिसतं. पण हे खटलं एके काळी फार मोठं होतं. त्यात काही नातलग कोरड्या रानात राहत, कुत्र्याएवढे, बारीक, पाय अंगाखाली सरळ ठेवून पळणारे. काही पाठीवर ढाली मिरवणारे, पाला खाणारे. काही बैलाहून मोठे, मांस खाणारे. आजची मगर म्हणजे त्या भरल्या खटल्यातलं उरलेलं एक घर. आणि आज जिवंत असलेल्यांत तिचं सगळ्यांत जवळचं नातं कोणाशी, तर पाखरांशी. पालीशी नाही, सरड्याशी नाही. तोंडावर जायचं नाही, ती म्हणाली. सांधे बघायचे. घोट्यातलं एक हाड दुसऱ्यात खुंटीसारखं कसं बसतं, कानामागून नस कुठल्या भोकातून बाहेर येते, यावरून घराणं ठरतं. म्हणून तिला डोक्याची मागची बाजू हवी होती. तीच सगळ्यांत नाजूक.

मी शाळेत शिकलो तेव्हा असं कुणी सांगितलं नव्हतं. माझी पोरगी उन्हात गुडघ्यावर बसून सांगत होती आणि तिचे सर, पांढऱ्या दाढीचे बंगाली गृहस्थ, शेजारी उभे राहून मान डोलवत होते. एकदाही त्यांनी तिला अडवलं नाही. मला अभिमान वाटला, आणि लगेच काळजी, की ही कवटी फुटली तर काय.

कामाला जवळच्या तांड्यावरच्या बाया होत्या. त्यांचं आणि मालक मल्लय्याचं बोलणं तेलुगूत चाललेलं, मला ओ की ठो कळत नव्हतं. मग त्यांतली सोनीबाई म्हणून एक म्हातारी दुसरीला आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत म्हणाली की हा म्हातारा बुजगावण्यासारखा उभा काय राहिलाय. मी चटकन आमच्याच बोलीत म्हणालो, "बुजगावण्याला तहान लागलीय, पाणी द्या." बाया अशा हसल्या की सर दचकले.

सोनीबाईनं पाणी दिलं आणि आमच्यात जे पहिलं विचारतात ते विचारलं. कुठला तांडा, कुठलं गोत. मी राठोड म्हणालो. ती म्हणाली, ती माहेरची भुक्या. तिकडं राठोडांनाच भुक्या म्हणतात, हे मला म्हाताऱ्या माणसांकडून ठाऊक होतं. म्हणजे ती माझी बहीण लागली. आमच्यात एकदा गोत जुळलं की मग ओळखपाळख लागत नाही. तिनं कविताकडं बघून कपाळाला हात लावला.

"दोन वर्सं ही पोरगी माझ्या डोळ्यांपुढं माती उकरून राहिली आन भाची हाय हे मला ठाव न्हाई! तू काहून न्हाई बोललीस गं?"

"आत्या, तुमी इचारलंच न्हाई. तुमी मला मॅडम म्हणत होत्या."

"मॅडमला कोण गोत इचारतं?" सोनीबाई म्हणाली. मग कवटीकडं बोट करून, "आन हिचं गोत कोणतं?"

"तेच शोधायलेय, आत्या," कविता म्हणाली.

दुपारी प्लास्टर सुरू झालं. बायांनी पोती उसवून हातभर पट्ट्या कापल्या. कविता आणि सर त्या बादलीत बुडवून कवटीवर बसवत होते. थोड्या वेळानं सर थांबले. बादलीतलं पांढरं प्लास्टर पिवळं झालं होतं. कवटीवरचा थरही पिवळा.

"ये क्या है?" सरांनी विचारलं.

मी एक पट्टी नाकाला लावली. "हळद," मी म्हणालो. "पोती हळदीची हायेत. झटकली होती मी."

बायांना तर उधाण आलं. "नवरी झाली की ही! हळद लावली मामानं!" एकीनं ओवाळल्यासारखे हात केले. पण कविता हसली नाही. ती पट्टीवर बोट दाबून बघत होती. तासाभरात जे खडखडीत व्हायला हवं, ते अजून ओल्या पिठासारखं होतं. सरांनी मला हिंदीत समजावलं की हळदीसारखं काही प्लास्टरमध्ये गेलं की ते उशिरा आवळतं. हाडाला धोका नाही, मधे कागद आहे. धोका उलटवण्याचा आहे. कवटी खालून सोडवून एका दमात उलटवावी लागते. कवच मऊ असेल तर मागची बाजू मातीसकट गळून पडणार. दुसरा थर द्यायला प्लास्टर उरलं नव्हतं. आणि ट्रॅक्टर सकाळी येणार होता.

"बाबा, घबराइए मत," सर म्हणाले. घाबरू नका म्हटल्यानं घाबरणं थांबलं असतं तर मला गोळ्या कशाला लागल्या असत्या? कविताला म्हणालो, "माझ्यामुळं झालं सगळं." ती म्हणाली, "बा, बारदाना आणलाच नसता तर काय लावणार होतो आमी, माती? बसा गप." रागावली नव्हती, पण तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. ती पट्टीवर बोटाची पेरं वाजवून बघत होती. आवाज भद्द येत होता.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही रानात गेलो. दवानं कवच आणखी गार पडलेलं. वाजवलं, भद्द. तेवढ्यात ट्रॅक्टर आलाच, पुढं माती ढकलायचं पातं लावलेला. मल्लय्या हात जोडून तेलुगूत काही बोलला. कवितानं सांगितलं, तो म्हणतो ट्रॅक्टर भाड्यानं घेतलाय, आज परत गेला तर पुन्हा महिनाभर मिळणार नाही. माणूस वाईट नव्हता. आधीच एकदा थांबला होता.

सर मल्लय्याशी बोलत होते, कविता बोलत होती, काही जमेना. तेव्हा सोनीबाई डोक्यावरची पाटी खाली ठेवून ट्रॅक्टरजवळ गेली. ड्रायव्हर तिच्याच तांड्याचा होता, नात्यानं जावई. तिनं त्याला खाली उतरायला सांगितलं. तो म्हणाला, काम हाय. ती म्हणाली, "माझा भाऊ महाराष्ट्रातनं आलाय. बहिणीच्या दारचं न जेवता तो कसा जाईल? आन भाऊ जेवल्याबिगर जावई जेवल का? आन उपाशी जावयाला मी कामाला लावू का?"

ड्रायव्हर म्हणाला, "सासू, मी खाऊन आलोय."

"कुणाच्या घरी? माझ्या घरी? न्हाई ना? उतर."

तो उतरला. मल्लय्याला तिनं तेलुगूत काय सांगितलं कोण जाणे, पण तोही डोकं खाजवत बांधावर बसला. सोनीबाईनं तीन दगडांची चूल मांडली आणि भाकरी थापायला घेतल्या. इतक्या सावकाश भाकरी थापणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. एक भाकरी भाजायची, मग जळण संपायचं, मग ती स्वतः काटक्या आणायला जायची. पाहुण्यासाठी म्हणून कोंबडी आणायला सुनेला तांड्यावर धाडलं. ड्रायव्हर दोनदा उठला, दोनदा तिनं बसवला. "नात्याचं जेवण हाय, हॉटेलातलं नव्हं."

ऊन चढलं. कविता दर थोड्या वेळानं जाऊन वाजवत होती. भद्द. भद्द. मी चुलीपाशी बसून भाकरीचे तुकडे मोडत होतो. कोंबडीचं हाड ताटात ठेवायच्या आधीच तिकडून आवाज आला, टण. कवितानं पुन्हा वाजवलं. टण.

मग घाई झाली. बांबू बांधले. सर, कविता, ड्रायव्हर, मल्लय्या आणि चार बाया चारी बाजूंना लागल्या. मला म्हणाले, लांब थांबा. कविता म्हणाली, "मी तीन म्हणलं की." तिचा आवाज इतका शांत होता की मला तो माझ्या घरातल्या कुणाचा वाटेना. एक, दोन, तीन, आणि ते पिवळं धूड हवेत वळलं. मी डोळे मिटले. कशाचा तरी भुगा पडल्याचा आवाज आला.

डोळे उघडले तर सगळे वाकून बघत होते. पडली होती ती नुसती लाल माती, ओंजळभर. कवचात तळहाताएवढी जांभळी हाडं एकाला एक लागून बसलेली, मागची बाजू सगळी जागच्या जागी. कविता पुढं झाली. तिनं ब्रशनं माती झटकली, एकदा झटकली, परत झटकली आणि मग खाली बसून हसायला लागली. सरांनी तिच्या टोपीवर थाप मारली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "एवढ्यासाठी मला एवढं जेवू घातलं?"

संध्याकाळी कवटी जीपमध्ये चढवली. सोनीबाईनं जीपच्या फाळक्याला हात लावला आणि ढावलो सुरू केला. सासरी निघालेल्या मुलीच्या वेळी आमच्या बाया रडत रडत जे गातात ते. बाकीच्यांनी गळा मिळवला. आधी थट्टा होती. मग काय झालं सांगता येत नाही, दोघी-तिघींच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. हळद लागली, आता परक्या गावी चालली, त्यांच्या मातीतली होती एवढे दिवस. सरांनी कविताला विचारलं, ये क्या गा रही हैं. तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढली.

परतीला मी एकटाच होतो. भीती वाटली, पण कमी. किनवटला गाडी दोन तास उभी राहिली तरी कुणाला काही विचारलं नाही. ज्यांची लेकरं अशा आडवळणी कामात आहेत त्यांना एवढंच सांगतो, एकदा जाऊन बघा. फोनवर कळत नाही. थंडीतच जा, कांबळं न्या, गोळ्या न्या, आणि काही न्यायचं असेल तर धुऊन न्या.

घरी आल्यावर बायकोनं पहिल्यांदा विचारलं, पोरगी वाळली का. मी म्हटलं वाळलीय, पण सात माणसं तिच्या शब्दावर एकदम हलतात. मग तेच तिनं आल्यागेल्याला सांगितलं.

पाडव्याच्या सुमाराला कविताचा फोन आला. तिच्या संस्थेत कवच कापलं. मागची बाजू पुरी निघाली, नसांची भोकं मोजता येतात इतकी. नवीन जात आहे की माहीत असलेलीच, ते ठरायला अजून बरीच वर्षं जातील. मी लगेच म्हणालो, "आन कुणी मानलं न्हाई तर?" ती म्हणाली, "तर भांडू, बा." मग म्हणाली, कवटीला आता कपाटात जागा मिळालीय. खाली चिठ्ठी लावलीय, कुठं सापडली आणि कुणी शोधली.

"कुणी म्हणून लिव्हलंय?"

"के. डी. राठोड."

आमच्या माणसांनी पिढ्यानपिढ्या बैलांच्या पाठीवर दुसऱ्यांचं मीठ-धान्य मुलूखभर वाहिलं. कुठं आमचं नाव लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. आता मगरीच्या त्या नातलगाखाली एका काचेच्या कपाटात लिहिलंय आणि ते कपाट मी मेल्यावरही राहणार.

बायको शेजारीच कान देऊन बसली होती. "के म्हंजे कविता. राठोड आपलं. मधला डी कोण?"

"डी म्हंजे धनसिंग. मी."

तिनं जरा विचार केला. "आन माझं काय हाय त्याच्यात?"

मी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणालो, "पोरीचं डोकं तुझ्यावर गेलंय."

"ते तर हायेच," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.